हरवलेल्या वस्तूंची दरवान

प्यो मीरान बाईंना त्या स्पर्धेतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. प्रांताच्या इंग्रजी अध्यापन स्पर्धेत पहिली श्रेणी मिळाली की बदलीच्या यादीत गुण चढतात. गुण चढले की गोहंगच्या समुद्रकाठच्या शाळेतून सुनचन शहरात बदली होते. आणि सुनचनला बाईंचं घर होतं. घरात नवरा होता आणि तिसरीतली मुलगी आरा होती. आठवडाभर बाई शाळेमागच्या शिक्षक-निवासातल्या एका खोलीत राहायच्या, शुक्रवारी संध्याकाळी गाडी हाकत घरी जायच्या आणि रविवारी जेवण उरकलं की परत. हल्ली आरा आई यायच्या दिवशी न सांगता केस विंचरून, चांगला स्वेटर घालून बसायची. पाहुणे येणार असले की मुलं बसतात तशी. बाईंना ते फार लागायचं.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला काय, तर चाळीस मिनिटांचा एक तास, परीक्षकांसमोर घ्यायचा. इतका स्वस्त सौदा बाईंच्या वाट्याला पूर्वी कधी आला नव्हता. अट एकच होती, तासाची कल्पना नवी हवी आणि स्वतःची हवी.

नवं सुचणं हा काही बाईंचा प्रांत नव्हे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना फारशी लाजही नव्हती. त्यांचा हात सुरेख होता. त्यांनी कापलेल्या कार्डांच्या कडा बघत राहाव्यात अशा, त्यांचा फळा लग्नाच्या पंगतीसारखा मांडलेला. काही माणसं रांधण्यात हुशार असतात आणि काही वाढण्यात. बाई वाढण्यात.

रांधणारं माणूस दुसरीकडे होतं. शिक्षकांच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात ‘सातूचा चहा’ असं टोपणनाव घेतलेलं कुणीतरी वर्षानुवर्षं इंग्रजीच्या तासाच्या कल्पना टाकत होतं. फुकट. बहिऱ्या आजीचा मासळीबाजार: शिक्षकानं डोक्याला फडकं बांधून बहिरी कोळीण व्हायचं आणि पोरांनी तिला बांगडा हवा की माकूळ ते स्पष्ट, मोठ्यांदा, पुन्हा पुन्हा सांगायचं. बिघडलेला फोन: दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, हातात कागदी पेले, आणि मधे तिसऱ्यानं भांडी वाजवायची. नुसती कल्पना देऊन हा माणूस थांबत नसे. कुठलं पोर कंटाळेल, कुठलं रडेल, बाक कुठे सरकवायचा, सगळं लिहिलेलं असे. आणि शेवटी दर वेळी तेच मागणं: “वापरलंत तर कसं झालं, एवढी एक ओळ खाली लिहा. वाईट झालं असेल तर आधी लिहा.”

खाली काही नसे. पाहून गेलेल्यांचा आकडा फुगत जायचा, पण ओळ एकही नाही. त्याला कारण होतं. मजकूर टाकणाऱ्याला टोपणनाव चालतं, पण खाली लिहिणाऱ्याचं खरं नाव आणि शाळा दिसते. आमच्याकडे नवे शिक्षक मोठ्यांच्या आधी तोंड उघडत नाहीत, आणि मोठे शिक्षक आपल्याला कुणाची मदत लागते हे चारचौघांत कबूल करत नाहीत. त्यामुळे सगळे पिऊन जायचे आणि पेला तसाच ठेवून जायचे.

मीरान बाई तर रोजच्या गिऱ्हाईक. सकाळी शाळेत आल्या की आधी संगणक, त्यावर सातूचा चहा, मग खरा चहा. पहिल्या वर्षी त्यांनी एकदा लिहायला घेतलं होतं. ‘छान झालं’ एवढंच लिहिणं बरं दिसेना आणि सविस्तर लिहायला वेळ नव्हता. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता एकदम लिहिलं तर इतके दिवस का नाही लिहिलं असं वाटेल. पुढे पुढे ती मागणी डोळ्यांना दिसेनाशीच झाली.

एका रविवारी आरानं जेवताना सांगितलं, “आई, आमच्या इंग्रजीच्या बाई ना, डोक्याला फडकं बांधून बहिऱ्या झाल्या! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.”

“मग मासा मिळाला का?”

“मिळाला. पण तुला कसं माहीत मासा होता ते?”

बाईंनी तिच्या भातावर भाजी वाढली. “आईला सगळं माहीत असतं,” त्या म्हणाल्या.

स्पर्धेसाठी त्यांनी त्याच कोपऱ्यातून एक जुनी, तळाशी गेलेली कल्पना उचलली. हरवलेल्या वस्तूंची पेटी. प्रत्येक पोरानं आपली एक वस्तू एका मोठ्या पेटीत टाकायची. पेटीवर एक दरवान. वस्तू परत हवी तर दरवानाच्या प्रश्नांना इंग्रजीतून उत्तरं द्यायची: रंग कुठला, मोठी की लहान, कशापासून केलेली. नीट सांगितलं तर वस्तू मिळेल, नाहीतर रांगेच्या शेवटी. खाली टीप होती: “दरवान म्हणून वर्गातलं सगळ्यांत न बोलणारं मूल बसवा. त्याला दोन-तीनच वाक्यं लागतात, पण ती वर्गाइतक्या वेळा म्हणावी लागतात. आणि एरवी फाडफाड बोलणारे त्याच्यापुढे हात जोडून उभे राहतात. ह्या खेळात एवढंच खरं आहे, बाकी सगळं खोकं.”

बाईंच्या पाचवीच्या वर्गात न बोलणारं मूल शोधावं लागलं नाही. ओक दाजंग. आजीजवळ राहणारी. आजी लोकांच्या बागेत युजाची, म्हणजे लिंबासारखी आंबट, फळं खुडायला जायची. दाजंग इंग्रजीतच काय, आपल्या भाषेतही बोलायची नाही. हजेरीला नुसता हात वर करायची, तोही कोपरापर्यंतच.

बाईंनी निळ्या पुठ्ठ्याची टोपी केली, पुढे सोनेरी कागदाचा बिल्ला. सरावाच्या पहिल्या दिवशी टोपी दाजंगच्या डोक्यावर ठेवली तेव्हा तिनं मान खाली घातली आणि टोपी नाकावर आली. सगळे हसले. पण रांगेत पहिला होता यूल. यूलचं बालवाडीपासूनच इंग्रजीत चाललेलं, बाप दंतवैद्य, बोलणं खळखळ. तो येऊन म्हणाला, “ए, माझी छत्री दे.”

दाजंगनं टोपी वर सरकवली. “व्हॉट कलर?”

“अगं ती समोर दिसतेय की! लांबडी एकच छत्री आहे!”

“व्हॉट कलर?”

“बाई, ही देत नाहीये!”

“मग रंग सांग ना बाबा,” बाई म्हणाल्या. “दरवान आहे ती, तिच्यापुढे माझं काय चालतंय!”

यूलला मुकाट रंग सांगावा लागला. मग दाजंगनं विचारलं, मोठी की लहान. मग विचारलं, कशाची. मग जरा विचार करून, तिला येत असलेले प्रश्न संपले म्हणून, पुन्हा रंग विचारला. वर्ग हसून लोळला. दाजंगच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि बाईंनी तो हललेला पाहिला.

आठवड्याभरात तिची आजी बाजारात भेटली. “काय शिकवता हो बाई तुम्ही पोरीला?” म्हातारी म्हणाली. “जेवायला बसले की भात खायच्या काट्या देत नाही! काहीतरी कलर कलर विचारते. मी म्हणते, अगं स्टीलच्या काट्यांना कसला आलाय कलर? मग भात निवतो!” पण सांगताना म्हातारीचे सगळे दात दिसत होते, होते तेवढे.

स्पर्धेच्या आधल्या दिवशी मुख्याध्यापक तालीम बघायला बसले. शेवटी त्यांनी बाईंना खिडकीपाशी बोलावलं.

“तास फर्मास आहे, प्यो बाई. पण दरवान म्हणून ती पोरगी?”

“तिच्यासाठीच तर आहे ते, साहेब. म्हणजे, कल्पनाच तशी आहे.”

“कल्पना तुमच्या डोक्यात. परीक्षकांच्या कानात काय पडणार? तीच तीन वाक्यं, तीही तोंडातल्या तोंडात. मधला प्रत्येक शब्द दरवानाचा आहे. तिथे आपला यूल बसवा. कसा बोलेल बघा! आणि ती उद्या घाबरून गप्प झाली तर? मग सुनचन विसराच.”

बाईंना ह्यावर उत्तर होतं. ते त्यांनी वाचलेलं होतं, पण स्वतः केलेलं नव्हतं, म्हणून तोंडावर आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वेटर घालून बसलेली आरा आली. त्या म्हणाल्या, “बघते, साहेब.”

दाजंगला त्यांनी शाळा सुटल्यावर सांगितलं. “उद्या यूल दरवान होईल हं. तू रांगेत उभं राहायचंस, तुझी वस्तू मागायची. तुला तर सगळं येतंच.”

दाजंगनं टोपी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. बिल्ला बाईंच्या बाजूला येईल अशी नीट फिरवून ठेवली आणि गेली.

तास देखणा झाला. मागच्या भिंतीला परीक्षक आणि इतर शाळांतून बघायला आलेले शिक्षक बसले होते. यूलनं तर बहार केली. स्वतःच्या मनानं विनोद केले, एकीला तिचा कंपास परत देताना बाईंनीही शिकवलं नव्हतं असं काहीतरी लांबलचक इंग्रजीत म्हणाला, परीक्षकांनी माना डोलावल्या. रांग सरकत होती. घंटा झाली तेव्हा टाळ्या पडल्या.

खोली आवरताना बाईंना पेटीच्या तळाशी एक चप्पल सापडली. वर्गात घालायची पांढरी रबरी चप्पल, डाव्या पायाची, आत पेनानं लिहिलेलं: ओक दाजंग. पोरगी रांगेच्या शेवटी उभी होती. तिची पाळी जवळ आली की मागे जाऊन पुन्हा शेवटी उभी राहत होती, असं नंतर कुणीतरी सांगितलं. बाकीचा सगळा दिवस ती एका पायात नुसता मोजा घालून हिंडली आणि तसंच दाराशी जाऊन बूट चढवून घरी गेली.

तासानंतरची बैठक म्हणजे आमच्याकडे ठरलेला खेळ. तास घेणाऱ्यानं उठून कंबरेत वाकायचं आणि म्हणायचं, “माझा तास फार उणा पडला, आपला मोलाचा वेळ घेतला.” मग प्रत्येकानं “छे छे” म्हणत स्तुती करायची आणि स्तुतीला दृष्ट लागू नये म्हणून बारीकशी एक उणीव काढायची: फळ्यावरचं अक्षर जरा मोठं चाललं असतं. कुणी खरं बोलत नाही आणि कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

सगळ्यांचं झाल्यावर कोपऱ्यातले एक गृहस्थ उठले. बेटावरच्या एका शाळेतले बांग गुरुजी, निवृत्तीला टेकलेले, सकाळच्या बोटीनं आलेले. कोटाच्या बाहीवर खारट पाण्याची पांढरी रेघ होती.

“मला उणीव काढता येत नाही,” ते म्हणाले. “मला एकच विचारायचंय, प्यो बाई. हे तुम्हाला सुचलं कसं?”

विचारण्यात कुठे काटा नव्हता. मुलांना विचारतात तसं विचारलं होतं, उत्सुकतेनं. पण शेजारी परीक्षक लिहीत होते आणि कल्पना स्वतःची असल्याच्या कागदावर बाईंची सही त्यांच्यासमोर होती.

“माझ्या मुलीची छत्री हरवली होती,” बाई म्हणाल्या. “ती शोधताना.”

“छत्री!” गुरुजींचा चेहरा उजळला. “वा! आणि दरवान म्हणून सगळ्यांत चांगलं बोलणारा मुलगा बसवायचा, तेही तुमचंच?”

“हो.”

“असंही करता येतं तर,” गुरुजी म्हणाले आणि समाधानानं खाली बसले.

निकाल हिवाळी सुट्टीच्या तोंडावर लागायचा होता. त्याआधीच एका सकाळी शेजारच्या टेबलावरून ब्यन बाई ओरडल्या. ब्यन बाई यंदाच नोकरीला लागलेल्या, अजून मुलांना ‘अहो’ म्हणणाऱ्या.

“प्यो बाई, बघितलंत? सातूचा चहा बंद होतोय!”

मीरान बाईंनी आपल्या संगणकावर ते पान उघडलं. तिथे लिहिलं होतं:

“परवा बोटीनं जाऊन एक तास पाहिला. माझ्या जुन्या पेटीसारखाच खेळ, पण त्या बाईंना तो आपला आपण सुचला, मुलीची छत्री शोधताना. आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा वेगळा वळवला. मी न बोलणारं मूल बसवत होतो, त्यांनी बोलणारं बसवलं. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं कुणाची ओळ आली नाही तेव्हा वाटायचं, कुणाला लागत नाही की काय. आता कळलं, लागत नाही ते बरंच आहे, ज्याच्या त्याच्या चुलीवर उकळतंय. मी आपली किटली उतरवतो. महिनाअखेर हे पान काढून टाकीन. कुणी वापरत असाल तर तेवढं सांगा, म्हणजे ठेवीन.”

बाईंनी ते दोनदा वाचलं.

“मी आता काय शिकवू हो?” ब्यन बाई रडवेल्या झाल्या. “माझा अख्खा तास ह्यांच्यावर चालतो. पाठ्यपुस्तकाबरोबर आलेली सीडीची चकती लावली की पोरं झोपतात!”

“मग लिहा ना खाली एक ओळ. ठेवीन म्हणतायत.”

“मी? शिकाऊ माणसानं पहिली ओळ लिहायची? उद्या सगळे म्हणतील, बघा, ह्या नवीन पोरीला स्वतःचं काही येत नाही. तुम्ही लिहा ना. तुमचं नाव बघितलं की मग आम्ही सगळ्या लिहू. आमच्या बरोबर नोकरीला लागलेल्यांच्या गटात सगळ्या तेच म्हणतायत, कुणीतरी मोठं लिहू दे.”

“बघते,” मीरान बाई म्हणाल्या.

त्यांनी बघितलंही. बघायचं टाळलं असं नाही. त्या महिन्यात त्या कितीदा तरी ती चौकट उघडून बसल्या. एकदा ‘मी रोज वापरते’ एवढं लिहून झालं होतं. पण त्याच्या डाव्या हाताला आपोआप येणार होतं: प्यो मीरान, गोहंग. परीक्षकांपैकी एकानंही ते पान उघडलं, जुनी पेटी वाचली, आणि खाली ते नाव पाहिलं, की संपलं. निकाल लागेपर्यंत थांबावं, मग सविस्तर लिहावं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. निकाल आणि महिनाअखेर ह्यांच्यातलं आधी काय येणार, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसत होतं. तिकडे त्यांनी पाठ केली.

महिना संपला. सकाळी संगणक लावला तर पान नव्हतं. ‘आपण शोधत असलेला मजकूर उपलब्ध नाही.’

निकाल लागला, पहिली श्रेणी. मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकावर बाईंच्या नावाचा कापडी फलक लावला. बाई मुलांना वड्या वाटत फिरल्या. दाजंगनं वडी दोन हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला. चप्पल तर बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिच्या खणात नेऊन ठेवली होती. टोपीही एकदा पुढे केली होती. “आज तू दरवान हं, दाजंग.” तिनं टोपी घेतली आणि यूलच्या बाकावर ठेवून आली. चिडून नाही. ज्याची वस्तू त्याला द्यावी तशी.

फेब्रुवारीत, सामान बांधायच्या आधी, बाई बोटीनं बेटावर गेल्या. हातात युजाच्या मुरंब्याच्या बरण्या. बांग गुरुजी घरामागे लसणीच्या वाफ्यात गवत काढत होते.

“अरे, छत्रीवाल्या बाई!” त्यांनी हात झटकले. “अभिनंदन! फलक बिलक लागला म्हणे. या, आत या, थंडी आहे.”

आत त्यांनी किटली आणली. सातूचाच चहा, तपकिरी, वाफाळता. बाईंनी पेला हातात घेतला आणि वाकून जमिनीकडे बघत म्हणाल्या, “गुरुजी, मी माफी मागायला आले. तो तास माझा नव्हता. तुमचाच होता.”

गुरुजी मोठ्यानं हसले. “हे बघा. म्हणूनच तुम्हाला पहिली श्रेणी मिळाली. हा विनय बघून!”

“विनय नाही हो. खरंच चोरला. सगळं तुमचंच वापरत आले मी, किती वर्षं.”

“बाई, मी चाळीस वर्षं बैठकींत बसलोय. प्रत्येक जण उठून हेच म्हणतो, माझं काही नाही, सगळं आपल्यामुळे. मीही म्हटलंय. तुम्ही म्हाताऱ्याचं मन राखायला बोटीनं आलात, एवढं पुरे झालं. आता प्या, निवेल.”

“मी छत्रीचं खोटं बोलले. मुलीची छत्री हरवलीच नव्हती.”

“नसेल. चप्पल हरवली असेल.” ते अजून हसत होते.

बाई दचकल्या. पण गुरुजींनी सहज म्हटलं होतं, त्यांना चप्पल ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग बाईंनी सगळंच सांगितलं. दाजंगचं, टोपीचं, आजीच्या काट्यांचं, मुख्याध्यापकांचं, पेटीच्या तळाचं. काट्यांपाशी गुरुजी हसले. चपलेपाशी त्यांनी किटली खाली ठेवली.

“मिळाली का तिला?”

“दुसऱ्या दिवशी मीच नेऊन खणात ठेवली.”

“तिनं मागितली नाही?”

“नाही.”

“मागितली नाही,” गुरुजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पहिल्या दिवशी कसा विचारला तिनं रंग? आवाज कसा होता?”

बाईंनी सांगितलं. टोपी नाकावरून वर सरकवली ते, यूलला तीन प्रश्न विचारून झाल्यावर चौथ्यांदा पुन्हा रंग विचारला ते. गुरुजी मान पुढे करून ऐकत होते. त्यांना इतकी वर्षं एक ओळ हवी होती, ती आता लसणीच्या वासाच्या त्या खोलीत तोंडी पोचत होती.

“ते पान परत लावता येईल का, गुरुजी? मी पहिली ओळ लिहिते. माझ्या नावानं.”

“कुठून लावू? सगळं शाळेच्या संगणकात होतं, तो जमा केला. मला वाटलं कुणाला नको. डोक्यात जे आहे ते लसणीबरोबर जाईल आता.” ते उठले. “शेवटची बोट लवकर सुटते हल्ली. चला, सोडतो.”

धक्क्यावर त्यांनी बाईंना लसणीची जुडी दिली. वाकून निरोप घेताना बाई पुन्हा म्हणाल्या, “माझी फार चूक झाली.” आणि धक्क्यावरच्या तिकीटवाल्यानंसुद्धा ऐकून मान डोलावली. किती नम्र बाई, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मार्चमध्ये बाई सुनचनला रुजू झाल्या. पहिली श्रेणी मिळाल्यामुळे त्यांना जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा नव्या कल्पना द्यायचं काम मिळालं. त्यांच्याजवळ छापून ठेवलेले थोडे कागद होते, सातूच्या चहाचे, तेच त्या वाटतात. सुरुवातीला सांगतात, “ह्यातलं माझं काही नाही, बेटावरच्या एका गुरुजींचं आहे.” समोरचे माना डोलावतात आणि वहीत लिहून घेतात: प्यो बाईंची कल्पना. कागद संपत आले आहेत.

आरा आता आई घरी आली तरी जुन्याच सदऱ्यात बसते. हे मिळालं. एकदा बाईंनी तिला भात वाढताना विचारलं, “बहिऱ्या आजी येतात का गं अजून वर्गात?”

“नाही. आता चकती लावतात. बाई म्हणाल्या, त्या जिथून आणायच्या ना, ते दुकान बंद झालं.” तिनं काटीनं भात उकरला. “तुला तर सगळं माहीत असतं. का बंद झालं गं ते?”

“कुणी काही सांगितलं नाही म्हणून,” बाई म्हणाल्या.

“कुणी?”

बाईंनी भाजीची वाटी तिच्याकडे सरकवली.

तेव्हा मिळालं कुणाला, तर बाईंना: बदली, घर, फाटकावरचा फलक. बांग गुरुजींचं तसं काही गेलं नाही. हवी असलेली ओळ उशिरा का होईना तोंडी पोचली, आता ते लसूण लावतात. भरलं ते आरानं, ब्यन बाईंच्या वर्गात झोपणाऱ्या पोरांनी, आणि सगळ्यांत आधी ओक दाजंगनं. ती आता सहावीत आहे. हजेरीला हात वर करते, कोपरापर्यंत. आणि आजी म्हणते, हल्ली काट्या मागाव्या लागत नाहीत. पोरगी काही न विचारता देते.